विभाग दोन उसाच्या फडात

बालभारतीच्या सहावीच्या गणिताच्या पुस्तकाचे दोन विभाग आहेत. पहिल्यात कोन, पूर्णांक, अपूर्णांक, दशांश, मसावि-लसावि. दुसऱ्यात समीकरणं, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, बँक व सरळव्याज. सातवीचंही तेच. समप्रमाण-व्यस्तप्रमाण, सरळव्याज, परिमिती-क्षेत्रफळ, पायथागोरस, बैजिक सूत्रं हे सगळं विभाग दोनमध्ये. पहिला विभाग दिवाळीच्या आत उरकायचा आणि दुसरा दिवाळीनंतर घ्यायचा, हा राज्यभराचा रिवाज. पुण्या-नाशकात त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. मी शिकवते ते गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. दसऱ्यापासून इथे ऊसतोडीच्या मुकादमांच्या फेऱ्या वाढतात आणि दिवाळी उलटली की निम्म्या घरांना कुलपं लागतात. आईबाप कोयता घेऊन ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. लेकरं काही त्यांच्याबरोबर फडावर, काही म्हाताऱ्या आजीपाशी. गाव पुन्हा भरतं ते गुढीपाडव्याच्या आगेमागे.

म्हणजे आमच्या या लेकरांनी विभाग एक दोन्ही वर्षी पाहिलेला असतो आणि विभाग दोन एकदाही नाही. अशी मुलं नववीला माझ्यासमोर येऊन बसतात आणि मी त्यांना दोन चलांतली रेषीय समीकरणं शिकवायला घेते. पहिल्या घटक चाचणीनंतर शिक्षकांच्या खोलीत वाक्य ठरलेलं असतं, "यांचं गणित कच्चं आहे." कच्चं नाही हो. ते शिजायलाच घातलेलं नाही.

माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायला लागून मला दोन दशकं होत आली. गणित-विज्ञानाच्या शिक्षणातल्या विषमतेवर बोलणं निघालं की चर्चा चटकन कोटा, सीईटी, आयआयटी आणि फार तर अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशापर्यंत जाते. ती विषमता खरी आहे, पण तिथवर पोचणाऱ्यांची. आमच्याकडे गळती त्याच्या खूप आधी होते, सहावी ते आठवी या तीन वर्षांत आणि त्यातही दिवाळी ते पाडवा या महिन्यांत. दहावीचा निकाल त्या गळतीची फक्त नोंद करतो.

या मुलांना हिशेब येत नाही असं कुणी म्हटलं की मला एक वही आठवते. मागं एक मुलगी एप्रिलमध्ये शाळेत परतली, तेव्हा तिच्या दप्तरात शंभरपानी वही होती. बापाच्या टायरगाडीच्या काट्याच्या पावत्या तिनं तारीखवार उतरवून घेतलेल्या. वजन टनात, दशांशचिन्हाच्या पुढे तीन आकडे. शेजारी दर, त्याच्या शेजारी रक्कम, आणि दर आठवड्याच्या शेवटी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ उचलीतून किती फिटले नि किती राहिले. मी चार-पाच ओळी ताडून पाहिल्या, पैशाची चूक नव्हती. बाप म्हणाला, "हिशेब समदा तिचाच, मॅडम. मुकादम बी तिलाच इचारतो." त्याच मुलीनं त्याच महिन्यात दशांश अपूर्णांकांच्या गुणाकाराचं उदाहरण कोरं सोडलं होतं. वहीतला गुणाकार आणि पेपरातला गुणाकार एकच आहे हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

ही काही आमच्याच गावची नवलाई नाही. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या नोबेल मिळालेल्या जोडीनं सहकाऱ्यांबरोबर केलेला एक अभ्यास २०२५ च्या सुरुवातीला 'नेचर' या नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुलं त्यांनी पाहिली. भाजीच्या गाडीवर अडनिड्या वजनांचे हिशेब ती तोंडी आणि अचूक करत. तेच आकडे वहीतल्या गणिताच्या रूपात समोर ठेवले की अडत. उलट, शाळेत जाणारी पण बाजारात काम न करणारी मुलं वहीतली गणितं बरी सोडवत आणि बाजारातल्या व्यवहारात गडबडत. म्हणजे शाळेची मुलंही काही जिंकलेली नाहीत. दोन्हीकडे अर्धं अर्धं गणित आहे आणि मधला पूल बांधायचं काम ज्या शिक्षकाचं, तो तिथे नाही.

२०२४ च्या जानेवारीत ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा नववीच्या वर्गात मी फळ्यावर विचारलं, टनाला २५० रुपये मिळत होते असं समजू, तर आता किती मिळतील? पुस्तक उघडून बसलेली मुलं सूत्र शोधायला लागली. मागच्या बाकावरचा एकजण मान वर न करता म्हणाला, "शंभराला चौतीस, दोनशेला अडुसष्ट, पन्नासला सतरा. पंच्याऐंशी वाढले. तीनशे पस्तीस." मी म्हटलं, अरे, हीच शेकडेवारी. तो माझ्याकडे संशयानं बघत राहिला. त्याच्या लेखी शेकडेवारी म्हणजे वहीत दोन आडव्या रेघा ओढून करायचं काहीतरी.

'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. हा आकडा आला की वर्तमानपत्रं दोन दिवस हळहळतात. मला त्या आकड्याची घाई नाही. भागाकार न येणारं लेकरू भागाकाराच्या आसपास राहत असतं, रोज वाटे करत असतं. त्याला भागाकाराच्या चिन्हापर्यंत आणायला समोर माणूस हवा.

आता त्या माणसाबद्दल. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलंय: सहावी ते आठवीला किमान वर्गागणिक एक शिक्षक, आणि तोही असा की विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्रांना एक, भाषांना एक. कायद्यातही विज्ञान आणि गणित मिळून एकच माणूस आहे, हे विसरू नका. पण तो एक तरी? आमच्या पंचक्रोशीतल्या सातवीपर्यंतच्या एका शाळेत गणित-विज्ञान शिकवणारे गुरुजी इतिहासाचे पदवीधर आहेत. माणूस मेहनती. सकाळी सगळ्यांच्या आधी येतात. पण विज्ञानाची शेवटची परीक्षा त्यांनी स्वतः दहावीला दिली, आणि अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागताना दुसरा उलटा का करायचा हे त्यांनाही कुणी समजावलेलं नाही. ते मुलांना सांगतात, "उलटा करा आणि गुणा." मुलं करतात. त्यात खिचडीचा हिशेब, यू-डायसची माहिती, आधारची जुळवणी आणि मतदारयादीचं काम त्यांच्याच गळ्यात. त्यांना दोष देणारा मी तरी अजून पाहिला नाही, आणि पाहिला तर त्याला एक आठवडा त्यांच्या खुर्चीत बसवीन.

विज्ञानाचा पदवीधर मिळत नाही असंही नाही. बी.एस्सी., बी.एड. झालेली पोरं गावोगाव आहेत. कुणी तासिका तत्त्वावर राबतं, कुणी खासगी क्लासमध्ये, कुणी तलाठी भरतीच्या पुस्तकांत. भरती निघते ती वर्षांच्या अंतरानं. २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी झाली, त्यानंतरची २०२३ मध्ये. मधल्या काळात सहावीला बसलेलं मूल बारावीच्या वयाचं झालं. नेमणूक मिळाली तरी पहिली वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची. प्राथमिकच्या सेवकाचं मानधन २०२३ मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार झालं तेव्हा पेढे वाटले गेले. आणि पद टिकायचं तर पट हवा. पट कशानं घटतो? विषयाला शिक्षक नसतो म्हणून ऐपत असलेला पालक मुलाला तालुक्याच्या पिवळ्या बसमध्ये बसवतो. पट घटला की पद जातं, पद गेलं की आणखी चार मुलं बसमध्ये. शेवटी गावच्या शाळेत उरतात ती फक्त कोयत्याची लेकरं. मग कमी पटाची शाळा म्हणून तिच्या समायोजनाचा कागद फिरतो.

विज्ञानाचं दुखणं आणखी वेगळं. गणित निदान फळ्यावर तरी होतं.

दहावीच्या विज्ञान भाग एकमध्ये भिंगांचा पाठ आहे. आकृत्या सुबक आहेत, किरण कुठून कुठे जातो ते बाणांनी दाखवलंय, आणि बहुतेक शाळांत तो पाठ आकृत्यांवरच होतो. मी दरवर्षी वर्गाची एक खिडकी उघडी ठेवते, बाकीच्या बंद करायला लावते, आणि जत्रेत मिळतं तसलं साधं बहिर्वक्र भिंग कोऱ्या कागदासमोर मागेपुढे करते. एका जागी कागदावर समोरचा फाटा उमटतो, लिंबाचं झाड, टपरी, उभी एसटी, सगळं उलटं आणि रंगीत. मागची पोरं बाकांवर चढतात. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, भिंग अर्धं झाकलं तर अर्धीच एसटी दिसंल का?" वर्गाचे दोन तट पडले. बहुमत अर्ध्या एसटीच्या बाजूनं. मी उत्तर न देता तिच्या हातात पुठ्ठा दिला. तिनं भिंग अर्धं झाकलं. एसटी अख्खीच राहिली, फक्त अंधुक झाली. त्यानंतर प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या सगळ्या भागांतून जातात हे मला सांगावं लागलं नाही, त्यांनीच माझ्याकडून काढून घेतलं. पुस्तकातल्या आकृतीत दोनच किरण काढलेले असतात, त्यामुळे तिच्यातून हा प्रश्न उगवत नाही.

भिंगाला फार पैसे पडत नाहीत. मग हे सगळीकडे का होत नाही? कारण प्रयोग केला काय आणि न केला काय, मुलाच्या गुणांत फरक पडत नाही. दहावीला विज्ञानाच्या १०० पैकी ८० गुण लेखी, २० प्रात्यक्षिकाचे. गणिताचेही २० अंतर्गत. हे वीस गुण आम्ही शिक्षक कसे देतो ते गावातल्या कुठल्याही पालकाला विचारा. प्रयोगवही पूर्ण असली की सतरा-अठरा. प्रयोगवही एकमेकांची बघून पूर्ण होते, आणि प्रयोगशाळेच्या खोलीत कुठे तांदळाची पोती असतात, कुठे मोडकी बाकं. जस्ताच्या तुकड्यावर सौम्य आम्ल टाकून परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की हायड्रोजन 'फट' असा आवाज करून जळतो, हे माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांनी पाठ केलेलं असतं, ऐकलेलं नसतं. हे गुण किती वजनदार असतात ते २०१९ ला दिसलं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले आणि दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० झाला. एका वर्षात महाराष्ट्राची मुलं एवढी हुशार झाली नव्हती.

खेड्यातल्या सरकारी शाळेत विज्ञान हातानं शिकवता येत नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं आपल्या शेजारी बघावं. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांवर आधारलेलं विज्ञान सुरू झालं. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सरकारी शाळांतच, सरकारी शिक्षकांच्या हातून ते केलं. शाळेला साहित्याची पेटी, मुलाच्या प्रश्नापासून धडा, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा आणि परीक्षेतच प्रयोग. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी घेऊन भूमितीचे आकार करणारे अरविंद गुप्ता त्याच कामातून पुढे आले, नंतर पुण्याच्या आयुका या संस्थेत त्यांनी पोरांसाठी खेळण्यांची खाणच उघडली. १९८२ मध्ये त्या कामासाठी एकलव्य ही संस्था उभी राहिली, कार्यक्रम शेकडो शाळांत पोचला, आणि २००२ मध्ये सरकारनं तो बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट 'अव्यवहार्य' कशी, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. माझ्या मते तिचा खरा प्राण पेटीत नव्हता. शिक्षक दर महिन्याला एकत्र बसत, काय जमलं नि काय फसलं ते बोलत, त्यात होता. आमच्याकडेही केंद्रशाळेवर शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तिचा बराच वेळ कुठली माहिती कुठल्या तारखेपर्यंत भरायची यात जातो.

महाराष्ट्रातही हे घडलेलं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत बसून उपदेश केला नाही. सत्तरच्या दशकातच ते जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला गेले आणि आजूबाजूच्या ग्रामीण शाळांतल्या शिक्षकांबरोबर काम केलं. पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातीच्या मुलांबरोबर त्यांनी काही वर्षं घालवली. त्यातून निघालेला एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. मुलं विज्ञानात अडत होती त्याचं एक मोठं कारण पुस्तकाची भाषा होती. संकल्पना तीच ठेवून भाषा सोपी केली की समज वाढत होती. ज्या मुलांना 'यांच्या डोक्यात शिरत नाही' म्हणून बाजूला काढलेलं असतं, ती योग्य शिक्षण मिळाल्यावर पुढे जातात, हे त्यांनी करून दाखवलं. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली.

आणि आपण काय केलं? सेमी आणलं. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकीचं मराठीत. पालकांना हवं होतं, शाळांना पट हवा होता. ज्याच्या घरात इंग्रजी वाचणारं कुणी आहे, त्याला सेमीचा फायदा होतो, आणि बारावी विज्ञान इंग्रजीतच असल्यामुळे पालकांची भीती खोटी नाही. पण माझ्या अनुभवात मराठीच्या तुकडीत हात वर होतात आणि सेमीच्या तुकडीत वह्या भरतात. अर्ध्या झाकलेल्या भिंगाचा प्रश्न मराठीच्या तुकडीतला होता. सातवी-आठवीपर्यंत विषय मराठीत पक्का करून मग नववीपासून इंग्रजी शब्द बरोबरीनं द्यावेत, या मताची मी आहे. पुष्कळ सहकारी माझ्याशी भांडतात. भांडोत.

आता गुणपत्रिकेवरच्या शेऱ्याबद्दल, कारण हे सगळं लिहायला मी बसले ती त्यामुळेच. राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद ऑक्टोबर २०२४ मध्ये गाजली. दहावीला गणित किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी, पण २० किंवा जास्त गुण मिळाले तर विद्यार्थ्याला अकरावीला जाता येईल. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा असेल की, गणित-विज्ञानावर आधारलेले पुढचे अभ्यासक्रम त्याला घेता येणार नाहीत. शेरा नको असेल तर पुन्हा परीक्षा द्यावी.

शहरातल्या विद्वानांनी 'दर्जा घसरला' म्हणून ओरड केली. मी त्या ओरडीत नाही. गणितात नापास झालेली मुलगी आमच्याकडे फेरपरीक्षेची वाट बघत नाही, तिच्या घरचे लग्नाची तारीख बघतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. नवराबायकोची जोडी झाली की एक कोयता होतो, आणि उचल कोयत्यावर मिळते. भूमितीच्या पाच गुणांसाठी मुलगी घरी बसली तर ती शाळेत परत येत नाही. तेव्हा तिला अकरावीत जाऊ द्या, कला शाखेत जाऊ द्या, मी स्वतः तिला सोडायला जाईन.

पण शेरा का? वरचा हिशेब इथे पुन्हा मांडा. अंतर्गतचे अठरा पदरात असले तर वीसला पोचायला ८० पैकी दोन गुण लागतात. ज्याला लेखीत दोन गुण पडले त्याच्याविषयी आपल्याला काय कळलं? तो गणितात मंद आहे हे कळलं, की तीन वर्षं विभाग दोन त्याच्यापर्यंत पोचलाच नाही हे? गुणपत्रिका दोन्ही सारखंच छापणार, आणि शेरा जन्मभर त्याच्याच नावापुढे राहणार. शाळेला शेरा नाही, पाच वर्षं न भरलेल्या पदाला शेरा नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी पॉलिटेक्निकचं दार लावून घ्यायचं आणि ते त्याच्याच सहीनं, ही सवलत म्हणता येणार नाही. कोठारी आयोगानं १९६४-६६ मध्ये सांगितलं होतं की, पहिली दहा वर्षं गणित आणि विज्ञान प्रत्येक मुलाला सक्तीचं असावं, कारण ते सामान्य शिक्षणाचाच भाग आहे. त्या सक्तीचा रोख राज्यावर होता, शिकवायची सक्ती. साठ वर्षांत आपण ती मुलावर ढकलली आणि आता त्याला तिच्यातून 'मोकळं' करतोय.

काय करता येईल, यातलं सगळ्यात स्वस्त आधी सांगते. स्थलांतर होणाऱ्या तालुक्यांत सहावी-सातवीच्या गणिताचा क्रम बदला. गुणोत्तर, शेकडेवारी, समीकरणं जूनमध्ये सुरू करा, दिवाळीच्या आत पक्की करा. कोन, सममिती, स्तंभालेख मागे ठेवा, ते राहिले तरी नववीत भरून काढता येतात. अपूर्णांक आधी हवेत हे खरं, तेवढे घ्या. एखादी बाई स्वतःच्या हिमतीवर हे करायला जाते तेव्हा कुठे अडते, तेही सांगते. संकलित मूल्यमापनाच्या प्रश्नपत्रिका आता राज्यपातळीवरून येतात, सगळ्या महाराष्ट्राला एकच. पहिल्या सत्राच्या पेपरात विभाग एकच असणार. तिनं क्रम बदलला तर तिचीच शाळा 'क' श्रेणीत. तेव्हा या तालुक्यांना वेगळी प्रश्नपत्रिका लागेल. एवढंच. त्याला इमारत लागत नाही.

हंगामी वसतिगृहं आहेत, त्यांच्यामुळे पुष्कळ लेकरं गावात राहतात. पण तिथे जेवणाची सोय होते, संध्याकाळी गणिताला बसवणारं कुणी नसतं, आणि भर प्राथमिकच्या वयावर असतो. मोठ्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मुलांचं एक नि मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं ठरली. चांगली योजना आहे. त्या प्रत्येक वसतिगृहात संध्याकाळच्या दोन तासांसाठी गणित-विज्ञानाचा एक पदवीधर मानधनावर बसवला, तर तलाठी भरतीच्या पुस्तकांत डोकं घालून बसलेल्या आमच्याच माजी विद्यार्थ्यांना काम मिळेल. आणि जोवर प्रत्येक शाळेला विज्ञानाचा शिक्षक देता येत नाही, तोवर निदान प्रत्येक केंद्रशाळेत एक द्या, ज्याच्याकडे दुसरं कुठलंही काम नसेल, ज्याच्याकडे चालू प्रयोगशाळा असेल आणि जो आठवड्यातून एकदा केंद्रातल्या प्रत्येक शाळेत जाईल. त्या वीस प्रात्यक्षिक गुणांची परीक्षा शेजारच्या शाळेच्या शिक्षकानं घ्यावी, समोर प्रयोग करवून. पहिल्या वर्षी निकाल पडेल, पडू द्या.

वाचणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. तुमचं मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर तुम्हाला शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून जायचा हक्क आहे, नसेल तर तुमच्या गावातल्या कुणाचं तरी आहेच. समितीच्या पुढच्या बैठकीत रंगरंगोटी आणि स्मार्ट टीव्हीच्या आधी दोन प्रश्न विचारा. सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवणाऱ्याची पदवी कशात आहे, आणि पद रिकामं असेल तर ते कधीपासून? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा.